खिडकीतून आलेली हाक

प्रायश्चित्तकाळ तोंडावर आला की आमच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत एक प्रश्न ठरलेला असतो : शुक्रवारी क्रुसाची वाट झाल्यावर काय ठेवायचे? कधी पाहुण्या धर्मगुरूंचे प्रवचन, कधी भक्तिगीते, कधी युवकांची बायबल प्रश्नमंजूषा. २०२३ साली आम्ही सुचविले की यंदा चित्रपट दाखवावेत. येशूच्या दुःखसहनावरचे काय, असे एका भगिनीने विचारले. "नाही, पापावरचे," आम्ही म्हणालो. सभेत क्षणभर शांतता पसरली आणि मग एक वयोवृद्ध सभासद हळूच म्हणाले, "फादर, ते तर घरोघरी रात्री आठनंतर चालूच असतात." सारे हसले, आम्हीही हसलो. पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पडद्यावर पाप उदंड दिसते. पाप करणाऱ्या माणसापाशी मात्र क्वचितच कुणी थांबतो.

आमच्या मनात होते ते 'डेकालोग'. पोलंडचे दिग्दर्शक क्षिश्तोफ किश्लोव्स्की यांनी पोलिश दूरदर्शनसाठी केलेले, प्रत्येकी तासाभराच्या आतले दहा चित्रपट; दहा आज्ञांचे दहा. १९८९-९० साली ते तेथे प्रक्षेपित झाले. त्यांतील पाचवा व सहावा त्यांनी चित्रपटगृहांसाठी वाढवून स्वतंत्रपणेही काढले आणि त्यांना नावे दिली 'हत्येविषयी एक लघुपट' आणि 'प्रेमाविषयी एक लघुपट'. (लघुपट म्हणावे तर ते दीड तासाच्या जवळपास जातात, पण आमच्या प्रवचनांविषयी वेशीवर जे बोलले जाते ते ध्यानी घेता, लांबीबद्दल आम्ही न बोललेले बरे.) दहाही कथा वॉर्सा शहरातील एकाच गृहसंकुलात घडतात. एका कथेतला नायक दुसऱ्या कथेत नुसता लिफ्टमध्ये भेटतो, जसे आपण आपल्या शेजाऱ्याच्या दुःखाला जिन्यात भेटतो. चित्रपटाच्या आरंभी आज्ञा उच्चारली जात नाही, केवळ क्रमांक येतो. तो क्रमही आपल्या धर्मशिक्षणातलाच. प्रोटेस्टंट बांधव आज्ञा थोड्या वेगळ्या मोजतात, म्हणून एवढे सांगितले.

ही कल्पना मुळात एका वकिलाची. क्षिश्तोफ पिएशेविच हे त्यांचे नाव. धन्यवादित फादर येझी पोपियेवुश्को यांची १९८४ साली कम्युनिस्ट राजवटीच्या पोलिसांनी हत्या केली, त्या खटल्यात मारेकऱ्यांविरुद्ध उभे राहिलेल्या वकिलांपैकी ते एक. न्यायालयात रोज माणसे पाहणाऱ्या या कॅथोलिक वकिलाने आणि चर्चच्या दारात फारसे न दिसणाऱ्या त्या दिग्दर्शकाने मिळून दहाही कथा लिहिल्या. १९९६ साली किश्लोव्स्की वारले तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते. आज आम्ही वयाने त्यांच्या पुढे गेलो आहोत.

चर्चच्या सभागृहात सिनेमा कशाला, अशी कुरकुर थोडीफार झालीच. कुरकुर करणाऱ्यांना आम्ही दादासाहेब फाळके यांची आठवण दिली. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तजीवनावरचा चित्रपट पाहिला, तो पाहताना त्यांच्या डोळ्यांसमोर आपली दैवते उभी राहिली आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. तेव्हा आपल्या देशातील सिनेमाच्या पाळण्यापाशी प्रभू येशू उभा होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने पंचेचाळीस निवडक चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली होती. 'डेकालोग' तिच्यात आहे. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. त्या यादीमुळेच कुणीतरी कॅसेटी मिळवल्या आणि आठवड्याला एक याप्रमाणे आम्ही त्या पाहिल्या. नीतिशास्त्राच्या तासासाठी त्यांतील आठव्या चित्रपटावर आम्ही एक निबंधही लिहिला. त्याला चांगले गुण मिळाले. हे गुण वाचकांनी ध्यानात ठेवावेत; त्यांच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

पहिल्या शुक्रवारी पहिला चित्रपट लावला. भाषा पोलिश, खाली इंग्रजी अक्षरे. म्हणून महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी माइकवर ती मराठीत सांगत होती. विद्यापीठात शिकवणारा एक बाप, त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा पावेल, आणि मुलाची श्रद्धाळू आत्या. बापाचा विश्वास गणकयंत्रावर. रस्त्यात मेलेला कुत्रा पाहून मुलगा विचारतो, मरण म्हणजे काय? बाप सांगतो, हृदय थांबते. आत्या त्याला छातीशी धरते आणि विचारते, आता तुला काय वाटते? तिच्यावरचे आपले प्रेम तो बोलून दाखवतो, आणि देव त्यातच असल्याचे ती त्याला सांगते. मुलाला नवे स्केट्स मिळाले आहेत आणि घराजवळचे तळे गोठले आहे. बाप-लेक यंत्रावर हिशेब करतात. बर्फ मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट भार सहन करील असे यंत्र सांगते. बाप रात्री स्वतः जाऊन बर्फावर चालूनही पाहतो. दुसऱ्या दिवशी बर्फ फुटतो.

आमच्या धर्मग्रामात निम्मी वस्ती कोळीवाड्याची. बर्फ म्हणजे बोटीत मासळीवर घालायचा, त्यावर खेळणारी मुले आमच्या लोकांना आधी गंमतीची वाटली. "बर्फाचा काय भरवसा!" असे एक आजी मोठ्याने म्हणाल्या, तेव्हा सभागृह हसले. पुढच्या वीस मिनिटांत कुणी हसले नाही. शेवटी तो बाप बांधकाम चाललेल्या एका चर्चमध्ये शिरतो आणि वेदी उलथून टाकतो. मेणबत्त्या कोसळतात, आणि वितळलेले मेण पवित्र मरियेच्या चित्रावर, चेंस्तोखोव्हाच्या काळ्या मातेच्या गालावर, थेंब थेंब ओघळते. मग तो पवित्र जलाच्या पात्रात हात घालतो. पाणी गोठलेले असते. बर्फाची ती चकती तो कपाळाला लावतो.

दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेत एक गृहस्थ बसलेले दिसले आणि आमच्या छातीत धस्स झाले. त्यांचा मुलगा २०१५ साली बोटीवरून समुद्रात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून त्यांच्या पत्नी रोज मिस्साला येत, ते मात्र चर्चच्या आवारात पाऊल ठेवीत नसत. (हे सारे त्यांच्या अनुमतीने लिहीत आहोत.) चित्रपट निवडताना आमच्या ध्यानीमनी ते नव्हते, ही आमची बेपर्वाई. लोक पांगल्यावर ते पुढे आले आणि एवढेच विचारले, "फादर, त्या बापाने वेदी उलटी केली. मागाहून त्याला कुणी काही बोलले का?"

आम्ही आठवून पाहिले. "नाही," आम्ही म्हणालो, "चित्रपटात त्याला कुणीच काही बोलत नाही."

"मग बरे," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्यांच्या मुलाच्या नावाने आम्ही मिस्सा अर्पण केली होती, घरी जाऊन प्रार्थना केली होती. आणि देवाची इच्छा, त्याच्या योजना, स्वर्गातील भेट असे सर्व काही बोललो होतो. ईयोबाच्या ग्रंथावर परीक्षा देऊन आम्ही धर्मगुरू झालो. त्या ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वराचा कोप होतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर, आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, हे आम्हाला तोंडपाठ होते. तरी त्या घरी जाऊन आम्ही त्या मित्रांचेच काम केले. बोलण्याची आम्हा धर्मगुरूंना मोठी सवय. वेदी उलटवणाऱ्या बापाजवळ गप्प राहावे आणि काळ्या मातेला रडू द्यावे, हे एका न-चर्चवाल्या दिग्दर्शकाला कळले होते.

दुसरा, तिसरा आणि चौथा आम्ही ओळीने दाखविले नाहीत. काही चित्रपट फक्त प्रौढांपुढे लावावेत असे ठरले, नववा वगळला आणि सहाव्यावरून कौन्सिलमध्ये जे झाले ते येथे लिहिण्याजोगे नाही. पाचवा मात्र दाखवायचाच हा आमचा हट्ट होता. मुलांना त्या संध्याकाळी घरी ठेवावे असे रविवारी वेदीवरून सांगितले.

यात्सेक नावाचा विशीतला तरुण शहरात निरुद्देश हिंडतो, एका टॅक्सीत बसतो आणि त्या चालकाची हत्या करतो. कारण काही नाही. हत्या लवकर संपत नाही. माणूस मारणे किती कष्टाचे आणि किती ओंगळ काम आहे हे दिग्दर्शक आपल्याला पाहायला लावतो. मग राज्यसंस्था त्याला फाशी देते, आणि तेही तितक्याच बारकाईने दाखविले आहे. दोर तपासणारा कर्मचारी, नीट काम करतो की नाही ते पाहिलेली कप्पी, सारे कसे व्यवस्थित. त्या खोलीत धर्मगुरूही आहे. सेमिनरीत आम्ही त्या धर्मगुरूकडे फारसे पाहिले नव्हते. आता त्याच्यावरून नजर हटेना.

हा चित्रपट १९८८ सालचा. त्याच वर्षी पोलंडमध्ये शेवटची फाशी दिली गेली आणि नव्या दंडसंहितेबरोबर १९९८ साली ती शिक्षा कायद्यातूनच गेली. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली दुरुस्ती करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरविला. सभागृहात यावर बरीच वादावादी झाली. नराधमांना फाशीच हवी असे म्हणणारे हात अधिक होते, आणि ते हात रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारणारेच होते. आम्ही त्यांना दोष देत नाही. वर्तमानपत्रातले एखादे वृत्त वाचून आमचेही रक्त उसळते.

परंतु आम्हाला सांगायचे आहे ते एका लहान प्रसंगाविषयी. यात्सेकचा तरुण वकील प्योत्र खटला हरतो. शिक्षा झालेल्या यात्सेकला पोलिसांच्या गाडीकडे नेत असताना तो वरच्या खिडकीतून त्याला नावाने हाक मारतो. एवढेच. त्या हाकेने काही बदलत नाही. पुढे फाशीच्या दिवशी यात्सेक त्याच वकिलाला भेटायला बोलावतो आणि त्या हाकेची आठवण काढतो; त्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते. मग तो आयुष्यात प्रथमच मन मोकळे करतो. त्याची धाकटी बहीण ट्रॅक्टरखाली सापडून मेली. ट्रॅक्टर चालवणारा त्याचा मित्र होता आणि दोघे मिळून दारू प्यायले होते. पहिल्या कम्युनियनच्या पोशाखातला तिचा एक चुरगळलेला फोटो त्याने हत्येपूर्वी मोठा करायला दिला होता. फोटोवरून माणूस जिवंत आहे की मेला ते ओळखता येते का, असे त्याने फोटोच्या दुकानात विचारले होते.

पापनिवेदनाच्या खुर्चीत आम्ही जवळजवळ तीन दशके बसत आहोत. तेथे ऐकलेले काहीही या पानावर येणार नाही, हे वेगळे सांगायला नको. मात्र तेथे बसणाऱ्याच्या मनाविषयी सांगायला हरकत नाही. ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात रांग दारापर्यंत जाते. पापे याद्यांच्या रूपाने येतात, आम्ही यादीला प्रायश्चित्त देतो, आणि दोन्ही बाजूंना सुटल्यासारखे वाटते. यादीच्या मागे कुठेतरी एक ट्रॅक्टर उभा असतो, एक चुरगळलेला फोटो असतो. त्यासाठी वेळ नसतो म्हणावे, तर आम्हाला तो काढताही येत नाही असे नाही. फाशीच्या खोलीतला तो धर्मगुरू आपले काम विधिपूर्वक करतो. यात्सेकची कथा मात्र वकिलाने ऐकली, कारण हाक त्याने मारली होती.

आता ते निबंधाचे गुण.

आठव्या चित्रपटातील झोफिया ही नीतिशास्त्राची वृद्ध प्राध्यापिका. न्यू यॉर्कहून आलेली एल्झब्येता तिच्या वर्गात बसते आणि चर्चेसाठी एक प्रसंग सांगते. १९४३ सालचे वॉर्सा; सहा वर्षांची एक ज्यू मुलगी. तिला लपवायला एक कुटुंब तयार आहे, पण अट अशी की तिच्या स्नानसंस्काराचा दाखला हवा. धर्ममाता-धर्मपिता व्हायचे कबूल केलेले कॅथोलिक दांपत्य ऐन वेळी माघार घेते : देवासमोर खोटी साक्ष आमच्याने देववणार नाही. संचारबंदीची वेळ होत आली असता मुलीला थंडीत बाहेर पाठवले जाते. ती मुलगी म्हणजे स्वतः एल्झब्येता, आणि दांपत्यातील ती स्त्री म्हणजे झोफिया. खरे कारण पुढे कळते. मुलीला ठेवून घेणारे लोक गेस्टापोचे हस्तक आहेत अशी खबर आली होती, आणि भूमिगत संघटनेतील अनेकांचे जीव धोक्यात होते. ती खबर खोटी निघाली. आज्ञेचा आधार हा नुसता आडपडदा होता. आपल्या मते मुलाच्या जिवाहून मोठे काहीच नाही, असे सांगायला झोफियाला चाळीस वर्षे लागतात. पण दोघी एका टेबलाशी बसून जेवतात, आणि मरण पावली असे जिला झोफिया इतकी वर्षे समजत होती ती रात्री तिच्याच घरी झोपते.

यावर सेमिनरीत आम्ही आठ पाने लिहिली होती. नियम आणि दया, अक्षर आणि आत्मा.

१९९७ साली आमची गुरुदीक्षा झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, साहाय्यक धर्मगुरू असताना, पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी कार्यालय बंद करीत होतो. एक तरुण बाई तान्हे मूल पदराखाली घेऊन दारात उभी राहिली. मुलाला स्नानसंस्कार द्यायचा होता. आम्ही विचारले, कोणत्या धर्मग्रामाच्या? तिने दूरचे नाव सांगितले. विवाहाचा दाखला? नव्हता. मग तुमच्या फादरांचे पत्र आणा, धर्ममातापित्यांचे दाखले आणा, सोमवारी सकाळी दहा ते बारा या. "तिथे पत्र मागायला गेले तर घरच्यांना कळेल, फादर," ती म्हणाली. आम्ही म्हणालो, नियम आहे. आम्हाला गायकवृंदाच्या सरावाला उशीर होत होता. ती काही वेळ ओसरीत थांबली, पाऊस ओसरत नाही असे पाहून तशीच निघून गेली. सोमवारी ती आली नाही. त्यानंतरही आली नाही.

नियम खरोखरच आहे. परंतु १९८३ च्या धर्मकायद्यात बाळाच्या स्नानसंस्कारासाठी जी मुख्य अट सांगितली आहे ती कागदांची नाही. बाळ श्रद्धेत वाढविले जाईल अशी सबळ आशा असावी, एवढे त्यात म्हटले आहे. ती मुळीच नसेल तर संस्कार पुढे ढकलावा. आशा हा शब्द कायद्यातच आहे. पावसातून, कुणाची सोबत नसताना, मूल घेऊन देवळाच्या दारी आलेल्या आईत ती आम्हाला दिसली नाही. झोफियापाशी निदान भूमिगत संघटनेचे कारण होते. आमच्यापाशी गायकवृंद होता.

पाचव्या शुक्रवारी आठवा चित्रपट संपल्यावर आम्ही चर्चा सुरू करण्याऐवजी ही हकीकत सभागृहात सांगितली. सांगणार आहोत हे उठून उभे राहीपर्यंत आम्हालाही ठाऊक नव्हते. कुणी काही बोलेना. शेवटी बर्फाला हसणाऱ्या त्याच आजी म्हणाल्या, "फादर, तिचे नाव काय होते?"

आम्ही विचारले नव्हते. दाखले मागितले, वेळ सांगितली, नाव नाही विचारले. नंतर त्या उन्हाळ्यात, १९९९ च्या आसपासची पुस्तके काढून पाहावीत म्हणून आम्ही दोन-तीन धर्मग्रामांत गेलोही. तेथील धर्मगुरू मित्रांनी आपुलकीने कपाट उघडून दिले आणि विचारले, कोणाचे नाव शोधायचे? स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पाने उलटीत आम्ही बराच वेळ बसलो. एवढी नावे, एवढी बाळे. त्यांपैकी एखादे तिचे असेल. ते मूल आज सव्वीस-सत्तावीस वर्षांचे असेल, आणि कदाचित आमच्यासमोर येऊन लग्नासाठी दाखला मागून गेलेही असेल.

शेवटचा, दहावा चित्रपट दाखवला तेव्हा सभागृह पुन्हा हसले. वडिलांच्या पोस्टाच्या तिकिटांच्या संग्रहापायी दोघे भाऊ वेडे होतात, त्या लोभात एक जण आपले मूत्रपिंडही गमावतो, शेवटी सारा संग्रह चोरीस जातो. एकमेकांवर संशय घेतलेले ते दोघे पोस्टातून आणलेली तीच साधी तिकिटे एकमेकांना दाखवून हसत सुटतात. वाटण्यांवरून भावाभावांत बोलणे नसलेली चार-पाच घरे त्या संध्याकाळी सभागृहात होती. कोण कोणाकडे पाहत होते ते आम्ही पाहिले नाही, असे म्हणू.

मागच्या रांगेतले ते गृहस्थ पहिल्या शुक्रवारनंतर चित्रपटांना आले नाहीत. मिस्सालाही येत नाहीत. पण गेल्या नाताळच्या आधी बंदरावर आमची गाठ पडली. ते जाळे विणीत बसले होते. आम्ही त्यांना नावाने हाक मारली, शेजारी बसलो, आणि या खेपेस मुलाविषयी काहीही न बोलण्याची दक्षता घेतली. बऱ्याच वेळाने त्यांनीच विषय काढला.

"फादर, तो बर्फाचा सिनेमा पुन्हा लावाल का एकदा? ही त्या दिवशी अर्ध्यातून उठून बाहेर गेली होती. तिला शेवट ठाऊक नाही."

लावू, असे आम्ही म्हटले.